जिथं नारळ फुटला

आमच्या गावाच्या वेशीवर एक कमान आहे. उंच, गुलाबी, वर दोन सिंह बसवलेले. त्या सिंहांना बघून गावातली कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, इतके ते गरीब दिसतात. त्या कमानीखालून जाताना मी आजही मान वर करत नाही. गावाचा अभिमान नाही म्हणून नव्हे, राग आहे म्हणून. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर मिटलेली भांडणं पुन्हा उकरली जातील. गडमुडशिंगीच्या आसपासचं एखादं गाव समजा, कोल्हापूर सायकलीच्या टप्प्यात असलेलं.

मी शहरात मुलींच्या एका शाळेत प्रयोगशाळा मदतनीस होते. शाळेला जोडून अकरावी-बारावीचे वर्गही होते, त्यांना सगळे कॉलेज म्हणायचे. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं भरून ठेवणं, फुटलेल्या काचा गोळा करणं हे माझं काम. नोकरी लागली तेव्हापासून मी सायकलनंच जायची, पाचवारीचा पदर कमरेला खोचून. गाव आधी हसलं. बौद्धवाड्यातली बाई आणि ती सायकलवर, म्हणजे हसायला एकाऐवजी दोन कारणं. मी हसणाऱ्यांच्या अगदी जवळून, घंटी वाजवत जायची. हसून हसून तेच दमले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. गावातल्या काही पोरी शिकायला शहरात यायला लागल्या होत्या, आणि यायच्या वडापनं. वडाप म्हणजे जीप. तिच्यात माणसं बसवत नाहीत, कोंबतात. कोंबून झाल्याशिवाय ती जागची हलत नाही, आणि सकाळी लवकर, पोरींच्या प्रॅक्टिकलच्या वेळेला, ती काही भरत नाही. मी प्रयोगशाळेच्या आतून बघायची, उशीर झाला म्हणून दाराबाहेर उभ्या केलेल्या पोरी. सगळ्या खेड्यांतल्या. आमच्याकडच्या एक मॅडम म्हणायच्या, "या मुलींना शिस्त कशी ती नाहीच." शिस्त! पहाटे उठून धार काढलेली, भाकरी थापलेल्या, दूध डेअरीत घातलेलं, मग जीपच्या मागच्या फळीवर अर्धं अंग बाहेर काढून आलेल्या त्या पोरी. आणि मॅडम शाळेच्या मागच्या गल्लीत राहायच्या.

मग मी पोरींना सायकल शिकवायला घेतली. माझ्या जोडीला अंगणवाडीतल्या मदतनीस बाई आल्या. त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती, त्या पोरींबरोबर शिकल्या, आणि पोरींपेक्षा जास्त वेळा पडल्या. दर रविवारी सोसायटीच्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत आमची शाळा भरायची. बापाच्या, भावाच्या, चुलत्याच्या, कुणाच्याही सायकली आणायच्या आणि नळीच्या मधून पाय घालून सुरुवात करायची. गुडघे फुटायचे, ओढण्या चेनमध्ये अडकायच्या. हळूहळू सकाळची एक ओळ तयार झाली. पुढं मी, मागं अंगणवाडीतल्या बाई मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला, आणि मधे पोरी. आम्ही मंडळ वगैरे काढलं नाही. आमच्याकडं मंडळ काढलं की आधी अध्यक्ष ठरतो, मग भांडण होतं, आणि वेळ उरला तर काम.

त्या पोरींत एक होती शेतकऱ्याची, सायन्सला. काटक, कमी बोलणारी, चढावर कधी खाली न उतरणारी. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायचं तिच्या डोक्यात होतं. माझ्या प्रयोगशाळेत आली की ती नळ्या हातात धरायची ते बघून मला तिचं पुढचं दिसायचं. तिच्या बापानं अट घातली होती, "सायकलवर जातीस तवर कालेज. वडापात लोंबकाळत जाणार असशील तर घरात बस." चुकीचं काही बोलत नव्हता. वडापातून लोंबणाऱ्या पोरींना काय काय सोसावं लागतं हे त्याला माहीत होतं. पण त्या एका वाक्यानं तिचं सगळं शिक्षण दोन चाकांवर येऊन बसलं. सायकल बंद झाली की कॉलेज बंद.

आणि रस्ता असा होता की सायकल बंद पडावी म्हणूनच कुणीतरी केला असावा. दर थोड्या वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर यायचं. मधला रस्ता उंच उंच होत गेला आणि कडेची साईडपट्टी होती तिथंच राहिली. डांबराची कड आणि खालची माती यांत वीतभर फरक. मागून ट्रक आला की सायकलवाल्यानं खाली उतरायचं, आणि उतरायचं म्हणजे पडायचंच. हंगामात तर उसाचे ट्रॅक्टर. एकामागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर लोंबलेला, टेपवर गाणं इतकं मोठं की मागून आपण मेलो तरी ऐकू जाणार नाही. आम्ही अर्ज केले. तालुक्याला गेलो की सांगायचे जिल्ह्याला जा, जिल्ह्याला गेलो की विचारायचे तालुक्याला दिलाय का.

शेवटी आम्ही स्वतःच पट्टी भरायला घेतली. पोरी, त्यांच्या आया, माझ्या वाड्यातल्या बायका. एका शेतकऱ्यानं विहिरीच्या खणीतला मुरूम दिला, वर बैलगाडी दिली. घमेल्यांनी मुरूम ओतायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं. एका दिवाळीच्या सुट्टीत वेशीपासून ओढ्यापर्यंत दोन्ही बाजूंची पट्टी डांबराच्या बरोबरीला आली. बाजूला ऊस, मधे डांबर, आणि कडेनं तांबडी सपाट पट्टी. मी तिच्यावरून हात सोडून सायकल चालवून बघितली. माझ्या वयाला ते शोभत नव्हतं, पण चालवली.

ती पट्टी आम्ही फार चांगली केली, हेच चुकलं.

त्याच हिवाळ्यात गावाला कमान बांधायचं ठरलं. शेजारच्या गावानं बांधली, मग आमचं गाव मागं कसं राहील! प्यायच्या पाण्याच्या टाकीला चीर गेली होती, पण टाकी काय, रस्त्यावरून जाणाऱ्याला थोडीच दिसते? कमान समिती झाली. खांबांसाठी जागा मोजली आणि चुन्याच्या फक्कीचे चौकोन मारले. आमच्या पट्टीच्या पलीकडं, पाटाच्या कडेला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि मनात म्हटलं, चला, अक्कल आहे.

पायाभरणीला मोठे साहेब येणार होते. ते आले उशिरा, उन्हं चढल्यावर. आदल्या रात्री पाटाला पाणी सुटलं होतं आणि फक्कीचा चौकोन चिखलात गेला होता. साहेबांच्या पायात पांढरे बूट. जीप थांबली आमच्या पट्टीवर, साहेब उतरले आमच्या पट्टीवर, चिखलाकडं बघून जरा थबकले, आणि जिथं उभे होते तिथंच, आमच्या ठोकून सपाट केलेल्या मुरमात, दगड ठेवायला सांगून नारळ फोडला. टाळ्या. फटाके. शेंगदाण्याचे लाडू.

मला हसू आलं. वाटलं, बूट जपले, जपू दे बापडे, खड्डा काय जिथं आखलाय तिथंच मारतील. पण दुसऱ्या दिवशी खड्डा नारळाच्या जागी. आणि एक खांब पट्टीवर आला म्हटल्यावर माप सारखं यायला समोरचा खांबही समोरच्या पट्टीवर. मी कामावर जाताना सायकल तिथंच आडवी टाकली आणि समितीच्या अध्यक्षाला गाठलं.

"खड्डा चुकीच्या जागी मारताय," मी म्हटलं. "फक्की तिकडं हाय."

"नारळ हितं फुटलाय."

"मग?"

"मग काय? नारळ फुटल्याली जागा हलवत न्हाईत. अपशकुन हुतोय गावाला."

"पोरी कुठून जायच्या?"

"रस्ता एवढा रुंद पडलाय की. दोन हातभर डांबरावर आल्या म्हणून काय झिजत्यात?"

"हंगाम तोंडावर आलाय. ट्रॅक्टर—"

"ए बाई, तुमच्यात नारळ फोडत न्हाईत. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

खरं आहे, आमच्या घरात नारळ फोडत नाहीत. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. पण मी म्हटलं, "तुमचा अपशकुन नारळानं टळत असेल तर मी पोतंभर नारळ आणते. तुमच्या त्या फक्कीवर एकेक फोडत बसा." भोवती उभी असलेली माणसं हसली. अध्यक्ष हसला नाही. त्याच संध्याकाळी गावात बोलणं फिरलं की बौद्धवाड्याला गावाची कमान खुपते. बघा कसं असतं! पट्टी भरली तेव्हा मी गावाची बाई होते. खांबाबद्दल बोलले की लगेच वाड्याची झाले. माझ्या वाड्यातलीही चार माणसं मला सांगायला आली, आक्का, जाऊ दे, कशाला विषाची परीक्षा. त्यांचाही मला तितकाच राग आला.

मी त्या पोरीच्या बापाकडं गेले. त्याला समितीत मान होता, त्याच्या शब्दाला वजन होतं. तो गोठ्यात वैरण टाकत होता. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "बाई, तुमचं खरं हाय. खांब चुकलाय. पण आता मी बोललो तर अख्ख्या गावाशी वाईटपणा. एका खांबापायी?"

एका खांबापायी. मी परत आले. घरी येऊन भाकरीचं पीठ मळताना परात आपटली, एवढीच माझी बहादुरी.

खांब उभे राहिले. हंगाम सुरू झाला. आमची ओळ खांबापाशी आली की एकेक पोरगी मागं बघून डांबरावर चढायची, खांब ओलांडून पुन्हा खाली यायची. मी रोज ओरडायची, "मागं बघा, मागं बघा." एका सकाळी धुकं होतं. ती पोरगी खांबाला वळसा घालायला वर चढली आणि मागून ट्रॅक्टर आला. पहिली ट्रॉली गेली. दुसऱ्या ट्रॉलीचा बाहेर आलेला ऊस तिच्या खांद्यात अडकला आणि ती सायकलीसकट खांबावर आदळली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नाही, गाणं तसंच वाजत लांब गेलं. मनगट मोडलं होतं. कपाळावर खोक. ती रडली नाही, फक्त विचारत होती, "बाई, आज प्रॅक्टिकल बुडंल?"

गावाची बैठक बसली. मला वाटलं, आता तरी खांब हलेल. बैठकीत ठरलं की पोरींच्या सायकली बंद. सर्वानुमते. काळजीनं, मायेनं, पोरी आमच्याच आहेत म्हणून. कुणी म्हणालं कमान पुरी झाली की हार घालून शांती करू. खांबाची शांती! तिच्या बापानं घरी जाऊन सायकल उचलली आणि माळ्यावर टाकली. वडापात तो तिला बसू देणार नव्हताच. म्हणजे कॉलेज बंद. प्रॅक्टिकल पुरी झाली नाहीत की बारावीच्या परीक्षेला बसता येणार नाही. हे मी त्याला तिथंच सांगितलं. तो म्हणाला, "पोरगी जित्ती ऱ्हायली, हेच लई झालं." याच्यापुढं काय बोलणार? बोलले मी, पुष्कळ बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचं प्लास्टर निघेपर्यंत कमान रंगवून तयार झाली. आणि अध्यक्ष माझ्या दारात आला. हो, माझ्या दारात, चपला काढून.

"उद्घाटनाला साहेब येणार हाईत. त्यास्नी सायकलचं लई कौतुक हाय. तुमच्या पोरींची एक फेरी काढू. म्होरं पोरी सायकलवर, कमानीखालनं, पेट्रोल पंपाला वळून माघारी स्टेजपतूर. तुमचाबी सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ."

मला वाटलं, आपल्या कानात काहीतरी झालंय. ज्या सायकली यांनी बंद केल्या त्या एका दिवसापुरत्या काढायच्या, फोटोसाठी, त्याच खांबांच्या मधून, आणि वर मला श्रीफळ. म्हणजे आणखी एक नारळ. मी त्याला असं काही सुनावलं की शेजारच्या बायका चुलीवरचं सोडून बाहेर आल्या. तो चपला हातात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी आली. दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, व्हय म्हणा."

"कशाला?"

"त्या दिशी सायकल खाली येईल. साहेबास्नी माझं आबा न्हाय म्हणायचं न्हाईत."

एवढंच बोलून ती गेली. मी अध्यक्षाला निरोप पाठवला, पोरी येतील.

उद्घाटनाच्या दिवशी तिचा बाप सायकल स्वतः पुसून घेऊन आला. हँडलला झेंडूची माळ बांधलेली. पोरींना डोक्याला फेटे दिले होते. हलगी वाजत होती. आम्ही कमानीखालून निघालो, अगदी रस्त्याच्या मधोमध, कारण त्या दिवशी रस्ता अडवून ठेवला होता. ट्रॅक्टर नाही, ट्रक नाही, माणसं दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवतायत. साहेबांच्या फोटोसाठी रस्ता मोकळा होऊ शकतो हे मी तेव्हा बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं, आनंदाचं मुळीच नाही.

पेट्रोल पंपापाशी मी वळायला वेग कमी केला. ती माझ्या शेजारून पुढं गेली.

"बाई, मी वळणार न्हाय. दुपारच्या बॅचचं प्रॅक्टिकल हाय."

फेटा तसाच, माळ तशीच. मनगट अजून नीट वळत नव्हतं, एकाच हातानं ब्रेक दाबत होती. तिच्या मागं दुसरी गेली, मग तिसरी. मी मागं बघितलं. लांब कमानीपाशी हलगी वाजत होती आणि स्टेजवर कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारत होतं. मी पायडलवर जोर दिला आणि पोरींच्या पुढं झाले. शहरापर्यंत आम्ही कुठंही थांबलो नाही. प्रयोगशाळेच्या दारात सगळ्यांचे फेटे सोडवून मी ते कपाटात ठेवले आणि मॅडमना सांगितलं की हिची बुडालेली प्रॅक्टिकल आजपासून भरून घ्यायची आहेत, तुम्ही नाही म्हणालात तर मी इथून हलत नाही. त्यांनी घेतली. माझा चेहराच तसा असावा.

बाकीच्या पोरी संध्याकाळी माझ्याबरोबर परतल्या. ती परतली नाही. तिची मावशी शहराच्या कडेला, कळंब्याच्या बाजूला राहायची. ती सायकल घेऊन तिथं गेली. माळ्यावर चढायला सायकल गावात नको, एवढाच तिचा हिशेब होता.

दिवेलागणीला तिचा बाप आला. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत.

"पोरगी कुठाय माझी?"

"मावशीकडं. सुखरूप हाय."

"कुणाला इचारून? साहेब तासभर खोळंबलं. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई मला. आणि तिला काय झालं असतं म्हंजे?"

मग माझा इतक्या महिन्यांचा बांध फुटला. "झालं तेव्हा कुठं होता?" मी म्हटलं. "खांब चुकलाय हे माहीत होतं तुम्हाला. गोठ्यात उभं राहून माझ्याजवळ बोललात. खांब हलवायला गावाची भीती वाटली. पोरीची सायकल माळ्यावर चढवताना नाही वाटली कुणाची? ती एकट्यानं चढवलीत की!"

वाड्यातली सगळी दारं उघडी होती. तो माझ्या पायरीवर बसला. आमच्या दारात तो याआधी कधी बसला नव्हता. मी त्याला पाणी दिलं नाही. आज कुणी मला त्याबद्दल बोललं तर बोलू दे.

मग त्यानं विचारलं, "मावशीच्या घरापासनं कालेजात जाताना, वाटंत कमान हाय का कुठं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे तिला तिकडंच."

ती परीक्षेला बसली. पास झाली. पुढं लॅबचं शिकली, शहरातच राहिली, आणि गावात राहायला पुन्हा आली नाही. सणावाराला येते, दुपारी येते आणि दिवस मावळायच्या आत जाते. घरातून, आईजवळून, स्वतःच्या म्हशींची धार काढून शिकायला जाता आलं असतं तिला, ते खांब चार हात बाजूला असते तर.

तिचा बाप पायरीवर बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिची ट्रंक आणि पुस्तकांचं गाठोडं वडापच्या टपावर चढवलं आणि स्वतः मागच्या फळीवर उभा राहिला. मी कामावर निघाले होते. खांबापाशी मला डांबरावर चढावं लागलं. मागून त्याच वडापनं जोरात हॉर्न मारला, बाजूला हो म्हणून.